सुरुंगशोधक यंत्र आणि एटनाची माती

१८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गार्फील्ड यांच्या देहांत रुतलेली गोळी शोधण्यास ग्रॅहॅम बेल यांनीं तारेच्या वेटोळ्यांचें एक यंत्र आणलें. तें निष्फळ ठरलें; बिछान्यांतील पोलादी तारांनीं घोटाळा केला असें सांगतात. शोधावयाचें एक आणि बोलावयाचें दुसऱ्यानेंच, ही या यंत्राची जन्मखोड होय.

१९४१ सालीं पोलिश अधिकारी कोसाकी यांनीं सुरुंगशोधक सिद्ध केला, आणि १९४२ च्या एल अलामीनच्या रणांत तो उपयोगी पडला. वाळू बिचारी मुकी! परंतु १९४३ च्या उन्हाळ्यांत दोस्तांच्या फौजा सिसिलींत एटना पर्वताच्या मुलखांत शिरल्या, तेव्हां असलीं यंत्रें निरुपयोगी होऊं लागलीं. तेथील लाव्हाच्या मातींत लोहाचे चुंबकीय कण भरलेले. वेटोळ्यांचा तोल सुरुंगानें ढळे, तसाच मातीनेंही ढळे. मग संगिनीच्या टोकानें जमीन टोंचीत वाट काढावी लागे. पुढें इटलींत, जेथें आपल्या मराठा पलटणीही लढल्या, लांकडी पेटीचे सुरुंग आले; त्यांत धातु चिमूटभरच.

वेटोळें मोठें घ्यावें तर खोलवरचें कळतें, पण मातीही अधिक कवेंत येते. लहान घ्यावें तर मातीचा कलकलाट घटतो, खोलीही घटते, आणि तेवढीच जमीन चाळण्यास वेळ अधिक. रांगणाऱ्या शिपायाजवळ तो वेळ कोठून असणार?

युद्धानंतर निराळी युक्ति निघाली: प्रवाह एकदम तोडावयाचा आणि धातूंत रेंगाळणारा पडसाद ऐकावयाचा. पुष्कळशा चुंबकीय मातीचा पडसाद तत्काळ विरतो. कांहीं ज्वालामुखी मातींचा मात्र तोही रेंगाळतो.