जुन्या नकाशांतील आपलें नगर

जेम्स रेनेल या इंग्रज भूमापकानें १७८२ सालीं लंडनांत हिंदुस्थानचा नकाशा प्रसिद्ध केला. असे नकाशे आज संग्राहक हौसेनें घेतात. परंतु त्यांवरील रंग छापखान्यांतला नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. कोरक्यानें तांब्याच्या पत्र्यावर उलट्या रेषा कोराव्या, त्यांत शाई भरून ओला कागद दाबावा, आणि मग रंगाऱ्यानें कुंचल्यानें एकेका सत्तेचा मुलूख निराळ्या रंगानें दाखवावा, अशी ती रीत.

म्हणून रेषा टिके, रंग मात्र लवकरच खोटा ठरे. अहमदनगरचा भुईकोट किल्ला १७५९ सालीं पेशव्यांकडे आला, १७९७ सालीं शिंद्यांकडे गेला, आणि १२ ऑगस्ट १८०३ रोजीं वेलस्लीनें तो घेतला. किल्ला जागच्या जागीं; चव्वेचाळीस वर्षांत धनी तेवढे तीन!

त्या रेषांमागील परिश्रम एकट्या रेनेलचे नव्हत. सवाई जयसिंगांच्या निमंत्रणावरून १७३४ सालीं चंद्रनगराहून जयपुराकडे निघालेले येशूसंघीय फादर बूदिये यांनीं वाटेंत आकाशाचे वेध घेतले. दिल्ली-आग्र्याचीं स्थानें ठरवितांना रेनेलनें त्यांचाच आधार घेतला. धर्मगुरूंच्या दुर्बिणीचा हा उपयोग आपल्यापैकीं कित्येकांस ठाऊकही नसेल.

हल्लीं बिनरंगी जुन्या नकाशांस नवा रंग देऊन ते विकण्याचीही चाल आहे. त्यानें चित्र खुलतें. साक्ष मात्र बिघडते. तांब्याच्या जंगालाचा जुना हिरवा रंग कालांतरानें कागद खातो व पाठीमागें तपकिरी डाग उमटतो. तेव्हां घेणाऱ्यानें नकाशा आधीं उलटून पाहावा.