टोळीत नाव आलं की

'अमक्या टोळीला मोक्का लावला' असं आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. आज त्याच पानावर जरा थांबू.

टोळी धरण्याचे कायदे आपल्याकडे जुने. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमाती पुढे त्यात ओढल्या गेल्या. पोरगं पाळण्यात असलं तरी ते गुन्हेगार जमातीचंच. मोठ्यांना पोलिसांत हजेरी. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ साली, तो कायदा गेला. कायदा गेला, संशय काही गेला नाही!

मोक्का आला १९९९ साली. तेव्हा मुंबईत खंडणी आणि सुपारीचा सुळसुळाट होता. गोळी झाडणारा सापडायचा, सांगणारा परदेशात बसलेला. साक्षीदार भीतीने गप्प. म्हणून महाराष्ट्र सरकारने टोळीलाच हात घातला. टोळीचा सभासद असणं हाच गुन्हा ठरला. शिक्षा किमान ५ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, दंड किमान ५ लाख.

इथे जन्म बघत नाहीत. मागच्या १० वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रं कोर्टात गेलेली लागतात. पण ती टोळीवरची. प्रत्येक पोरावर तेवढी हवीत असं नाही, हे न्यायालयांनीच सांगितलंय. म्हणजे 'भाऊ'च्या गाडीवर मागे बसणारा, निरोप पोचवणारा नवा पोरगाही त्यात येऊ शकतो. आणि आत गेला की जामीन अवघड. दोषारोपपत्रासाठी पोलिसांना १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. पोलीस अधीक्षकासमोरचा कबुलीजबाबही पुरावा धरतात, हे मला स्वतःला खटकतं.

आता आपल्या कामाचं. टोळीवाल्यासाठी कुणी मालमत्ता सांभाळली आणि पैसा कुठून आला हे सांगता आलं नाही, तर तिलाही ३ ते १० वर्षं. प्लॉट, गाडी, बँकखातं बायकोच्या नाहीतर आईच्या नावावर ठेवायची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. सही करण्याआधी पैसा कुठला ते विचारा.

मोक्का लावायला पोलीस उपमहानिरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती आहे का, हे वकिलामार्फत बघता येतं. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.