एकट्याचा साक्षीदार कोण?

विषयाचं नाव वाचून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, तुम्हाला पोहता तरी येतं का?" नाही येत. पण एकट्यानं शिडाच्या होडीतून जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस, जोशुआ स्लोकम, त्यालाही पोहता येत नव्हतं. तेव्हा सुरुवात त्याच्यापासूनच करू.

स्लोकमचा जन्म १८४४ चा, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातला. आयुष्य शिडाच्या जहाजांवर गेलं. पुढे वाफेची जहाजं आली आणि त्याच्यासारखे कप्तान बेकार झाले. अशात एका परिचितानं त्याला जहाज देऊ केलं, "थोडी दुरुस्ती लागेल" असं सांगून. जाऊन बघतो तर शेतात टेकू लावून उभी केलेली एक जुनाट होडी! स्लोकमनं ती स्वतः नव्यानं बांधली. तेरा महिने लागले, खर्च आला ५५३ डॉलर आणि ६२ सेंट. हिचं नाव 'स्प्रे', लांबी साधारण ३७ फूट. २४ एप्रिल १८९५ रोजी तो बॉस्टनहून निघाला आणि २७ जून १८९८ ला न्यूपोर्टला परतला. सुमारे ४६,००० मैल. वेळ पाहायला होतं एक डॉलरला घेतलेलं, तबकडी फुटलेलं पत्र्याचं घड्याळ.

आता मुद्दा बघा. स्लोकम एकटा होता, पण तो वाटेत थांबत गेला. जिब्राल्टर, सामोआ, ऑस्ट्रेलिया, केप टाउन. प्रत्येक बंदरात त्याला पाहणारी माणसं होती. म्हणजे प्रवास एकट्याचा असला तरी त्याला साक्षीदार होते. पण मध्ये एकही बंदर नसेल तर? तुम्ही खरोखर तिथे गेला होतात हे कोण सांगणार?

हा प्रश्न इतिहासानं १९६८ मध्ये प्रत्यक्ष विचारला. लंडनच्या 'संडे टाइम्स'नं 'गोल्डन ग्लोब' शर्यत जाहीर केली. एकट्यानं, कुठेही न थांबता, कोणाची मदत न घेता पृथ्वीला फेरी मारायची. जो पहिला परतेल त्याला चषक आणि जो सर्वांत कमी दिवसांत पूर्ण करेल त्याला ५,००० पौंड. नऊ जण निघाले. पुरा करून परतला एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची ३२ फुटांची 'सुहैली' कुठली, माहीत आहे? आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानाची. १४ जून १९६८ ला इंग्लंडच्या फाल्मथहून निघाला, २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतला. ३१२ दिवस.

याच शर्यतीत डोनल्ड क्राउहर्स्ट होता. इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, अनुभव बेताचा, पण धंदा आणि घर दोन्ही या प्रवासापायी पणाला लागलेलं. ३१ ऑक्टोबर १९६८ ला, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, तो घाईघाईनं निघाला. होडी अपुरी, गळकी. पुढे गेलं तर दक्षिणेच्या समुद्रात मरण, मागे फिरलं तर दिवाळं. त्यानं तिसरी वाट काढली. अटलांटिकमध्येच घुटमळत राहायचं आणि रेडिओवर खोटे ठावठिकाणे कळवायचे. डिसेंबरात त्यानं एका दिवसात २४३ मैल कापल्याचं कळवलं, वर्तमानपत्रांनी विक्रम म्हणून छापलं.

खोट्याचा हिशेब खऱ्यापेक्षा कठीण असतो, हे इथे अगदी गणितानं दिसतं. खरा खलाशी सेक्स्टंटनं सूर्याची उंची मोजतो आणि त्यावरून आपली जागा काढतो. क्राउहर्स्टला उलटं करावं लागे. आधी काल्पनिक जागा धरायची, मग तिथून सूर्य केवढा दिसला असता हे काढायचं.

आणि एक विलक्षण योगायोग पाहा. त्याच काळात नॉक्स-जॉन्स्टनही मुका झाला होता. त्याचा रेडिओ बिघडला होता. न्यूझीलंड सोडल्यापासून साधारण साडेचार महिने त्याचा पत्ता नव्हता. काठावरच्या माणसाला दोघांचं मौन सारखंच. एकाचं मौन यंत्र बिघडल्याचं, दुसऱ्याचं लपण्याचं. फरक माहीत होता फक्त त्या दोघांना, ज्याचा त्याला.

क्राउहर्स्टचा बेत शेवटून यायचा असावा, म्हणजे त्याच्या वह्या कोणी बारकाईनं तपासणार नाही. पण पुढे असलेला नायजेल टेटली, हा मागून येतोय या समजुतीनं आपली मोडकळीला आलेली होडी जोरात हाकत राहिला आणि २१ मे १९६९ ला ती अझोर्सजवळ बुडाली. टेटली वाचला. आता कमी दिवसांचं बक्षीस क्राउहर्स्टच्या गळ्यात पडणार होतं. १० जुलैला त्याची होडी अटलांटिकमध्ये तरंगताना सापडली, माणूस नव्हता. होडीवर वह्या होत्या आणि त्यांतल्या खऱ्या नोंदी त्यानं नष्ट केलेल्या नव्हत्या. नॉक्स-जॉन्स्टननं आपले ५,००० पौंड त्याच्या बायकामुलांना दिले.

सांख्य दर्शनात पुरुषाला साक्षी म्हटलं आहे. वर्गात हे शिकवताना मुलं विचारायची, म्हणजे देव वरून बघतो तसं का? नाही. तो साक्षी शिक्षा करत नाही, बक्षीस देत नाही, फक्त पाहतो. आम्हाला वाटतं क्राउहर्स्टची खरी वही तशी होती. ती त्याला काही म्हणत नव्हती, फक्त होती. आणि तीच त्याला सहन झाली नसावी.

आपल्याकडे ही परंपरा पुढे आली आहे. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई'तून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये, चार थांबे घेत, एकट्यानं जगप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच 'म्हादेई'तून अभिलाष टॉमी २०१२ मध्ये मुंबईहून निघाले आणि पुढच्या वर्षी कुठेही न थांबता परतले. आता उपग्रह क्षणाक्षणाला ठिकाण सांगतो. साक्षीदार यंत्रात बसला आहे. मग प्रश्न संपला का?

समुद्रावरचा संपला असेल, घरातला नाही. आम्ही वर्षानुवर्षं उत्तरपत्रिका तपासल्या. एका रात्री, गठ्ठा संपत नव्हता तेव्हा, शेवटच्या काही उत्तरपत्रिकांची आम्ही पानं मोजली, वाचली नाहीत. खोलीत कोणी नव्हतं. सकाळी उठून पुन्हा उघडल्या, तेव्हा एक नापास मुलगा पास झाला. त्याला हे कधी कळलं नाही, कळणारही नाही. त्या रात्री उठलोच नसतो तर, हा विचार मात्र आजही सोबत करतो.

एकट्यानं पृथ्वीला फेरी मारणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. बंद खोलीत एकट्यानं वही लिहिणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं. ती कशी लिहायची, यावर आता तुमचे प्रश्न ऐकू.