जिवाची काहिली: एका समजुतीचा इतिहास

उन्हाळ्याविषयी बोलताना आपण 'अंगाची लाही लाही' म्हणतो, तशी 'जिवाची काहिली'ही म्हणतो. या दुसऱ्या शब्दप्रयोगात शरीर आणि मन दोन्ही आले. उकाड्यात छाती धडधडते, श्वास अपुरा वाटतो, चिडचिड होते, उगीचच काहीतरी वाईट घडेल असे वाटत राहते. हा अनुभव जुनाच आहे. तो का येतो, याचे उत्तर मात्र गेल्या दीडशे वर्षांत पार बदलले.

त्यातले पहिले उत्तर कुळगाव-बदलापूरच्या माणसांना डोंगराच्या रूपाने रोज दिसते. कुळगावहून लोकल कर्जतकडे निघाली की उजव्या हाताला माथेरानची डोंगररांग सोबत येते. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि पुढे तिथे साहेबांचे उन्हाळी ठिकाण वसले. १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीपर्यंत लोहमार्ग झाला, १९०७ मध्ये नेरळहून वर छोटी गाडी सुरू झाली. माथेरान सुमारे ८०० मीटर उंच आहे. दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे लक्षात घेतले तर वर सुमारे पाच अंशांचा गारवा मिळतो. तेव्हा डोंगरावर बरे वाटत असे, हे खरेच होते. पण त्याचे जे कारण सांगितले जाई, ते तपासण्याजोगे आहे.

१८६९ मध्ये अमेरिकन डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी 'मज्जातंतूंचा थकवा' हे निदान प्रचारात आणले. १९०५ मध्ये अमेरिकेच्या सैन्यातील डॉक्टर चार्ल्स वुड्रफ यांनी ते उष्ण प्रदेशाला जोडले. गोऱ्या कातडीतून प्रखर किरण आत शिरतात आणि मज्जातंतू दुबळे करतात, असे त्यांचे म्हणणे. झोप न लागणे, घाबरेपणा, विस्मरण ही त्याची लक्षणे. उपाय म्हणजे सोला टोपी, पाठीच्या कण्यावर कापडी गादी आणि थंड हवेचे ठिकाण. डोंगरावर साहेबांचे सामान वाहणाऱ्या हमालांच्या घालमेलीला मात्र असे नाव मिळाले नाही. हे सारे शास्त्र एका वंशापुरते होते.

या किरणांची परीक्षा मात्र झाली. फिलिपाइन्समधील अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे ५०० जणांना किरण अडवणारे नारिंगी-तांबडे अंतर्वस्त्र देण्यात आले, आणि तेवढ्याच सैनिकांना नेहमीचे पांढरे. १९१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नारिंगी कपड्याचा काहीच फायदा दिसला नाही, उलट त्यात जास्त उकडते अशी सैनिकांची तक्रार होती. तुलनेसाठी दुसरा गट ठेवला की भव्य सिद्धान्तही कसा कोसळतो, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

खरे उत्तर योगायोगाने वुड्रफ यांच्याच वर्षी, म्हणजे १९०५ मध्ये, पुढे आले होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन कॉर्नवॉलच्या खोल, उष्ण खाणींत उतरले. माणसाला किती उष्णता सोसते हे साध्या तापमापकावरून कळत नाही, फुग्याला ओले कापड गुंडाळलेल्या तापमापकावरून कळते, असे त्यांना आढळले. वारा नसताना हा ओला तापमापक ३१ अंशांच्या वर गेला की स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीराचेही तापमान चढू लागते. कारण सरळ आहे. घाम आला म्हणून शरीर थंड होत नाही, तो वाळला म्हणून होते. दमट हवेत तो वाळत नाही.

कुळगावला दोन्ही प्रकारचा उन्हाळा भोगावा लागतो. समुद्रावरचे वारे इथे उशिरा पोहोचतात. पूर्वेचा कोरडा वारा सुटला की पारा चाळिशी ओलांडतो. मे महिन्यात हवा दमट होते. हवेचे तापमान ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला तापमापक सुमारे २२ अंश दाखवील. तापमान ३६ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर तोच २९ पर्यंत जाईल. म्हणजे पारा उतरूनही काहिली वाढते. कोरडे ऊनही निर्धोक नाहीच. तिथे घाम वाळतो, पण शरीरातले पाणी झपाट्याने जाते.

मग मनाचा संबंध कुठे येतो? घाम आणणे, हृदयाचे ठोके वाढवणे, ही कामे आपली स्वायत्त चेतासंस्था करते. भीती वाटली की हीच संस्था कामाला लागते. त्यामुळे उकाड्याने सुरू झालेली धडधड माणसाला भीतीची वाटू शकते. रात्री उकाड्याने झोप मोडली की दुसऱ्या दिवशी धीर आणखी कमी होतो. अमेरिकेतील २०१० ते २०१९ च्या नोंदींवरील एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिशय उष्ण दिवशी मानसिक तक्रारींसाठी तातडीच्या उपचार विभागात येणारे सुमारे ८ टक्क्यांनी वाढलेले दिसले, आणि त्यांत चिंतेचे रुग्णही होते.

एप्रिलच्या परीक्षेत पत्र्याच्या छपराखाली एखादी मुलगी घाबरून थरथरू लागली, तर 'धीट हो' म्हणण्याआधी तिला सावलीत, वाऱ्यावर न्यावे. मान आणि हात ओल्या कापडाने पुसावेत, घोट घोट पाणी द्यावे, श्वास सावकाश सोडायला सांगावे. अंग निवले की बहुधा मनही निवते. पण बोलणे असंबद्ध झाले, अंग तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो घाबरटपणा समजू नये. तो उष्माघात असू शकतो. अंग थंड करत राहावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ माणसे दगावली. त्या दिवशी पारा जेमतेम ३८ च्या आसपास होता. उकाडा ओसरूनही चिंता हटत नसेल, तर 'टेलिमानस'च्या १४४१६ क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

शाळेत दोन तापमापक, एक चिंधी आणि वाटीभर पाणी एवढ्यावर हॉल्डेन यांचा प्रयोग करता येतो. मुलांनी रोज दुपारी दोन्ही आकडे आणि त्या वेळी आपल्याला कसे वाटते, याची वहीत नोंद करावी. महिनाभरात त्यांच्या लक्षात येईल की काहिली हा कुणाच्या वंशाचा किंवा स्वभावाचा दोष नव्हे. गारवा, सावली आणि पाणी यांची गरज साहेबाला होती तेवढीच हमालालाही होती, आणि आज शेवटच्या बाकावरच्या मुलालाही आहे.