'गाइडलाइन पाळता का?' या प्रश्नात काय चुकलं

माझ्या प्रश्नावलीच्या पहिल्या मसुद्यात एक प्रश्न होता: 'डेंग्यूच्या उपचारात तुम्ही डब्ल्यूएचओच्या मार्गदर्शक सूचना पाळता का? हो / नाही.' चाचणी म्हणून एका ज्येष्ठ डॉक्टरांना ती भरायला दिली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कुठल्या सालच्या?"

मला उत्तर देता आलं नाही. तोवर मी फक्त २००९ चं पुस्तक वाचलं होतं. परत आले आणि आधी इतिहास वाचायला बसले. जे आपण करायला हवं ते नेहमी उशिरा करतो, त्यातलाच प्रकार.

हाडं मोडून काढणारा पण सहसा जीव न घेणारा ताप, अशी डेंग्यूची जुनी ओळख. १९५३-५४ मध्ये मनिलात आणि १९५८ मध्ये बँकॉकमध्ये ती बदलली. लहान मुलं रक्तस्राव होऊन, शॉकमध्ये जाऊन दगावू लागली. बँकॉकच्या बालरुग्णालयात डॉ. सुचित्रा निम्मानित्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी शेकडो मुलं बारकाईने पाहिली. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, आईबापांचा जीव भांड्यात पडतो आणि नेमके तेव्हाच मुलाचे हातपाय गार पडतात. रक्तातला पातळ भाग रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतो, उरलेलं रक्त घट्ट होतं. उपाय दिसायला साधा: मोजून सलाइन द्यायचं आणि हिमॅटोक्रिट पुन्हा पुन्हा तपासत राहायचं. कमी दिलं तर शॉक, जास्त दिलं तर फुप्फुसात पाणी.

या थायलंडमधल्या मुलांच्या अनुभवावर १९७५ च्या डब्ल्यूएचओ सूचना उभ्या राहिल्या. डेंग्यू हिमरेजिक फीव्हर, म्हणजे डीएचएफ, म्हणायला चार गोष्टी हव्यात: ताप, रक्तस्रावाची प्रवृत्ती, प्लेटलेट १ लाख किंवा कमी, आणि द्रव झिरपल्याचा पुरावा, उदाहरणार्थ हिमॅटोक्रिट २० टक्के वाढणं. हीच चौकट थोड्याफार फरकाने १९८६ आणि १९९७ च्या आवृत्त्यांत राहिली.

इथे जरा थांबा. प्लेटलेटचा आकडा या यादीत निदानासाठी आला होता. 'एवढा झाला की बाटली लावा' असं त्यात नव्हतं. पण आज आपल्याकडे वॉर्डाबाहेर पहिला प्रश्न काय असतो? "काउंट किती?" हिमॅटोक्रिट कोणी विचारत नाही, खरं तर तोही त्याच रिपोर्टवर छापलेला असतो. माझा अंदाज असा, की प्लेटलेटचा एकटा आकडा घाबरवायला पुरेसा असतो. हिमॅटोक्रिटचं तसं नाही, कालचा आणि आजचा शेजारी ठेवल्याशिवाय तो काही सांगत नाही. १९९६ च्या दिल्लीच्या साथीत १०,००० हून जास्त रुग्ण आणि ४२३ मृत्यू नोंदले गेले. अशा साथींनंतर लोक रक्तपेढीकडे धावतात यात नवल नाही. (पपईची पानं आणि बकरीचं दूध यांवर वेगळी पोस्ट लिहावी लागेल.) आपल्या राष्ट्रीय सूचनांनी रक्तस्राव नसताना प्लेटलेट देण्याची मर्यादा १०,००० च्या खाली ठेवली. २०१७ मध्ये सिंगापूर-मलेशियातल्या ३७२ प्रौढ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली: काउंट २०,००० किंवा कमी असताना प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले.

मग २००९ मध्ये काय बदललं? लॅटिन अमेरिकेतले आणि प्रौढ रुग्ण जुन्या चौकटीत बसेनात. शॉकमध्ये असूनही चारही अटी पूर्ण न होणारे रुग्ण होते. म्हणून नवी विभागणी आली: धोक्याच्या खुणा नसलेला डेंग्यू, खुणा असलेला, आणि गंभीर डेंग्यू. पोटदुखी, सतत उलट्या, सुस्ती या त्यातल्या काही खुणा. टीकाही झाली, की या खुणांमुळे गरज नसलेले रुग्णही भरती होतील. २०११ मध्ये डब्ल्यूएचओच्याच आग्नेय आशिया कार्यालयाने आपलं पुस्तक काढलं आणि त्यात डीएचएफ कायम ठेवलं. म्हणजे एकाच संस्थेची दोन पुस्तकं एकाच वेळी चालू!

आता माझा प्रश्न परत वाचा. १९९५ मध्ये एमबीबीएस झालेले डॉक्टर २००९ च्या प्रश्नांत नापास झाले, तर ते अनभिज्ञ आहेत की वेगळ्या पुस्तकाने चालतात? उलट, 'हो' वर टिक करणारे डॉक्टर ३०,००० काउंटला प्लेटलेट देत नसतील कशावरून? जाणीव आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी मी एका टिकमध्ये मोजायला निघाले होते.

तो प्रश्न काढला. त्याऐवजी एक केस लिहिली: पाचवा दिवस, ताप गेलाय, पोटात दुखतंय, प्लेटलेट ४०,०००, हिमॅटोक्रिट काल ३८, आज ४६. आधी काय कराल? ती घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, "नातेवाईक बाहेर उभे आहेत की नाही, ते लिहिलंच नाही तुम्ही."

आता त्या केसच्या दोन आवृत्त्या आहेत. अर्ध्या डॉक्टरांना नुसती केस जाईल. उरलेल्यांच्या कागदावर एक ओळ जास्त असेल: रुग्णाचा भाऊ रक्तदाते घेऊन बाहेर थांबलाय.