वाहिन्या मोकळ्या, मग हृदय का थकतं?

मधुमेह असलेल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: ‘अँजिओग्राफी तर क्लिअर आली, मग जिना चढताना दम का लागतो?’ आज या प्रश्नाचा इतिहास बघू. माझ्या स्वतःच्या घरात दोघांना शुगर आहे, त्यामुळे हा विषय मला नुसता पुस्तकातला वाटत नाही.

गोष्ट सुरू करतो १९७२पासून. न्यूयॉर्कमध्ये रुबलर आणि सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांच्या शवविच्छेदनाची हकिगत छापली. चौघांचंही हृदय मोठं झालेलं, कमकुवत पडलेलं. पण हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत म्हणावा असा अडथळा नव्हता. दारूचं व्यसन नाही, झडपांचा आजारही नाही. मग बिघाड कुठे? स्नायूतच, असं त्यांनी सुचवलं.

चार रुग्णांवरून कोण काय ठरवणार? पण दोनच वर्षांनी, १९७४मध्ये, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासाचे आकडे आले. मधुमेही पुरुषांत हार्ट फेल्युअरचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त, आणि बायकांमध्ये तब्बल पाचपट! वय, रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल यांचा हिशोब वजा केला तरी धोका उरतच होता.

आता जरा हृदयाच्या स्वयंपाकघरात डोकावू. हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं. त्याला लागणारी ऊर्जा म्हणजे एटीपी. ती साठवून ठेवायची सोय जवळपास नाहीच. पुरवठा थांबला तर साठा काही सेकंदांत संपतो. म्हणून पेशीत अखंड पेटलेल्या चुली असतात, त्या म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. शाळेच्या पुस्तकातल्या तंतुकणिका त्या याच. कार्ल बेंडा यांनी १८९८मध्ये त्यांना हे नाव दिलं, पण इंधन जाळून ऊर्जा तिथेच तयार होते हे केनेडी आणि लेनिंजर यांनी दाखवलं ते १९४०च्या दशकाच्या शेवटी. हृदयाच्या पेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग या चुलींनीच भरलेला असतो.

निरोगी हृदय चरबी जाळतं, साखरही जाळतं. जे मिळेल त्यावर भागवतं. १९६३मध्ये फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की स्नायू चरबी जास्त जाळू लागला की साखरेचा वापर मागे पडतो. मधुमेहात नेमकं हेच होतं. रक्तात साखर भरपूर, पण हृदय चरबीवरच अडून बसतं. आणि तेवढीच ऊर्जा काढायला चरबीला साखरेपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो. म्हणजे दारात लाकडांचा ढीग, पण चूल धुमसतेय.

धुमसली की धूर आलाच. २०००मध्ये मायकेल ब्राउनली यांच्या गटाने रक्तवाहिन्यांच्या पेशींत दाखवलं, की साखर वाढली की मायटोकॉन्ड्रियातून ऑक्सिजनचे घातक रेणू जास्त निघतात. २००९मध्ये बायपासच्या वेळी घेतलेल्या हृदयाच्या तुकड्यांतही तसंच आढळलं: मधुमेहींच्या मायटोकॉन्ड्रियांत चरबीचं ज्वलन मंद आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जास्त.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २००३चा ऑक्सफर्डचा अभ्यास. तिथे टाइप २ मधुमेहींच्या हृदयातली ऊर्जा कापाकापी न करता, चुंबकीय तंत्राने मोजली. हृदय वरवर नीट आकुंचन पावत होतं, तरी ऊर्जेची शिल्लक कमी भरली. म्हणजे पंप ढासळायच्या आधीच चूल मंदावलेली असते. अँजिओग्राफीत हे दिसणार नाही, कारण ती फक्त वाहिन्या बघते.

मग धूर कमी करणाऱ्या गोळ्या घ्याव्यात का? हा सोपा तर्क मोठ्या चाचणीत टिकला नाही. होप नावाच्या चाचणीत व्हिटॅमिन ई देऊन हृदयविकार कमी झाला नाही. ‘अँटिऑक्सिडंट’ लिहिलेली महागडी बाटली घेताना एवढं लक्षात ठेवा.

आशा आली ती अनपेक्षित दारातून. २०१५मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या औषधाच्या चाचणीत हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. २०१९मध्ये त्याच जातीच्या डापाग्लिफ्लोझिनने मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही फायदा दिला. हृदयाचं इंधन सुधारतं म्हणून, की शरीरातलं मीठ-पाणी कमी होतं म्हणून, यावर संशोधक अजून भांडतायत.

तर मंडळी, अँजिओग्राफी क्लिअर आली ही चांगलीच बातमी, पण ते एकाच प्रश्नाचं उत्तर आहे. शुगर असलेल्या माणसाला दम लागत असेल, पायावर सूज येत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. घरातल्या बायकांच्या बाबतीत तर नक्कीच. त्या स्वतःहून सांगत नाहीत, आणि पाचपटीचा आकडा त्यांचाच आहे.

भेटू पुढच्या भागात.