टायर, काळी माती आणि वाफसा

परभणी जिल्ह्यात ज्यांनी लहानपणी सायकल चालवली आहे, त्यांना जूनमधला पहिला मोठा पाऊस नक्की आठवत असेल. मे महिन्यात ज्या पाणंदीवरून सायकल धुरळा उडवत जाते, त्याच पाणंदीवर पावसानंतर ती पन्नास पावलेही सरकत नाही. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये काळा चिखल गच्च बसतो, चाक फिरेनासे होते आणि शेवटी सायकलच खांद्यावर घेऊन शाळा गाठावी लागते.

एका शाळेत दाब या विषयावर बोलत असताना नववीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "उंटाचा पाय रुंद असतो म्हणून तो वाळूत रुतत नाही. मग सायकलचा टायर रुंद केला तर ती चिखलात अडकणार नाही ना?" प्रश्न अगदी सरळ होता. उत्तर तितके सरळ नाही, हे आम्हाला पुढच्या वर्षभरात कळले. त्यासाठी आम्हाला आधी टायरचा इतिहास चाळावा लागला आणि नंतर एक सायकलही बांधावी लागली.

हवेचे चाक

रबरी टायर येण्यापूर्वी चाकावर लोखंडी धाव असे. बैलगाडीच्या चाकाला ती आपण सर्वांनी पाहिली आहे. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाने एक वेगळीच कल्पना मांडून तिचे पेटंट घेतले. रबर चढवलेल्या कापडाची नळी करायची, तिच्यात हवा भरायची, वरून चामड्याचे आवरण घालायचे आणि ती चाकाभोवती बसवायची. ही चाके घोडागाडीला लावून ओढायला लागणारा जोर मोजण्यात आला. चांगल्या खडीच्या रस्त्यावर सुमारे ३८ टक्के जोर वाचला. नुकत्याच टाकलेल्या सुट्या खडीवर मात्र ही बचत सुमारे ६८ टक्के होती.

हे दोन आकडे विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावेत. रस्ता जितका खराब, तितका हवेच्या टायरचा फायदा अधिक. कडक चाक प्रत्येक दगडावर चढते आणि उतरते. त्यासाठी सगळी गाडी उचलावी लागते. हवेचे चाक दगडाला स्वतःत सामावून घेते. गाडी उचलण्यात वाया जाणारी शक्ती वाचते.

थॉमसनची कल्पना त्या काळी महाग पडली आणि विस्मरणात गेली. १८८८ साली बेलफास्टमधील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी ती पुन्हा शोधून काढली. निमित्त होते त्यांच्या मुलाच्या तीनचाकी सायकलचे. पुढच्याच वर्षी विली ह्यूम या सायकलपटूने हवेचे टायर लावून शर्यती जिंकल्या आणि मग सर्वांनाच हे टायर हवेसे वाटू लागले. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचे पेटंट रद्द झाले, पण नाव मात्र त्यांचेच राहिले.

टायर अरुंद का झाला?

दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी असलेली, आजच्यासारखी दिसणारी सायकल १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' या नावाने आणली. तिला हवेचे टायर मिळाले आणि सायकलचे रूप जवळजवळ ठरून गेले. रस्ते सुधारत गेले, तसा टायर अरुंद आणि टणक होत गेला. डांबरी रस्त्यावर त्यात काही चूक नव्हती.

हीच सायकल आपल्याकडे आली. स्वातंत्र्यानंतर मद्रासमध्ये १९४९ साली टीआय, सोनिपतला १९५१ साली अ‍ॅटलास आणि लुधियान्यात १९५६ साली हीरो अशा कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांनी बनवलेली काळी, उंच, २८ इंची सायकल खेडोपाडी पोचली. दूधवाला, पोस्टमन, शिक्षक सगळ्यांची सायकल एकच. तिचा टायर दीड इंच रुंद, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर. गंमत अशी की हे माप डांबरी रस्त्यांच्या देशात ठरले आणि वापरले गेले ते गाडवाटांवर.

साधी पोलादी सायकल वाईट वाटेवर किती टिकते याचा एक मोठा दाखला मुंबईनेच दिला आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी प्रवास पुरा केला आणि १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईला परतले. वाळवंटे, जंगले, डोंगर ओलांडत त्यांनी सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर काटले. त्यांच्या सायकलींना ना स्प्रिंग होती, ना गिअरची आजच्यासारखी सोय. सायकल जाईना तेथे त्यांनी ती ओढली किंवा उचलली.

भंगारातून आलेली डोंगरी सायकल

रुंद टायर मात्र अगदीच संपला नव्हता. अमेरिकेत १९३३ साली श्विन कंपनीने सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीचा 'बलून' टायर आणला. त्या जड सायकली मुलांसाठी होत्या. चाळीस वर्षांनी त्या भंगारात मिळू लागल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातील काही तरुणांनी त्या उचलल्या आणि माउंट टॅमलपाईस या डोंगराच्या मातीच्या वाटांवरून खाली पिटाळल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली 'रीपॅक' शर्यत झाली. उतारावर ब्रेक दाबून दाबून मागच्या हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव.

जुन्या फ्रेम मोडू लागल्यावर त्यांच्यातील जो ब्रीझ यांनी १९७७ साली क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांची नवी फ्रेम खास या कामासाठी बांधली. १९८१ साली 'स्टम्पजम्पर' ही कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली डोंगरी सायकल बाजारात आली. १९८९ च्या सुमारास पुढच्या चिमट्यात स्प्रिंगसारखे काम करणारी यंत्रणा बसवणे सुरू झाले. दुसरीकडे अलास्काच्या बर्फात सायकल चालवणारे लोक टायर अधिकाधिक रुंद करत होते. २००५ साली पावणेचार इंची टायरची सायकल सरसकट विकत मिळू लागली. ती बर्फावर उत्तम, पण एरवी जड. म्हणून मधला मार्ग निघाला: २०१२ पासून तीन इंचांच्या आसपासचे टायर आले. त्यांना 'प्लस' टायर म्हणतात. टायरच स्प्रिंगचे काम करतो म्हटल्यावर साधा, न दबणारा पोलादी चिमटा पुन्हा पुरेसा वाटू लागला.

परभणीत बांधलेली सायकल

अशी सायकल विकत घेणे महाग होते. म्हणून आम्ही एक जुनी २८ इंची फ्रेम घेतली आणि एका वेल्डिंगवाल्या कारागिराकडे गेलो. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण त्यांनीच आधी ऐकवली.

मापे घेताना पहिली मजा कळली. जुन्या रिमचा टायर बसण्याच्या जागीचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. त्यावर ४० मिलिमीटरचा टायर चढवला की चाकाचा बाहेरचा व्यास ७१५ मिलिमीटर होतो. प्लस टायरची रिम ५८४ मिलिमीटरची. त्यावर ७१ मिलिमीटरचा टायर चढवला की व्यास ७२६. म्हणजे दूधवाल्याच्या सायकलचे चाक आणि हे नवे चाक उंचीला जवळजवळ सारखेच! फरक आहे तो हवेत. नळीचे घनफळ तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४० चा वर्ग १६००, ७१ चा ५०४१. नव्या टायरमध्ये हवा तिपटीहून जास्त मावते.

उंची जमली, रुंदी जमेना. मागच्या चिमट्याच्या दोन पायांमधून हा टायर जाणे शक्य नव्हते. ते पाय कापून नवे, बाहेर वाकवलेले पाय पितळी वेल्डिंगने जोडले. पुढचा चिमटा नवा केला. जुने दांड्यांचे ब्रेक चालणार नव्हते, म्हणून डिस्क ब्रेकसाठी पट्ट्या जोडल्या. हे सारे तालुक्याच्या गावात होऊ शकले, कारण फ्रेम पोलादाची होती. पोलाद कापता येते, वाकवता येते, साध्या गॅसच्या ज्योतीवर जोडता येते. अ‍ॅल्युमिनियम हलके असते, पण ते जोडायला वेगळी यंत्रे आणि नंतर उष्णतेची प्रक्रिया लागते. दुसरे असे की ठरावीक मर्यादेच्या आतले धक्के पोलाद लाखो वेळा सोसते. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते.

चाके भरून, आऊट काढून झाल्यावर आम्ही एक प्रयोग केला. टायरला शाई लावून चाक आलेख कागदावर टेकवले आणि ठशाचे चौकोन मोजले. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरले, तर मागच्या चाकावर सुमारे ४८ किलो येते. जुन्या टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो असतो. ४८ भागिले साडेतीन, म्हणजे ठसा सुमारे १४ चौरस सेंटिमीटरचा. नव्या टायरमध्ये आम्ही फक्त एक किलो दाब ठेवला. ठसा पन्नासच्या जवळ आला. टायर जमिनीला साधारण तेवढ्याच दाबाने रेटतो, जेवढा त्याच्या आत असतो. टायरचे रुंद असणे महत्त्वाचे ते एवढ्यासाठीच, की कमी दाबावरही तो रिमपर्यंत चेपत नाही. तुलनेसाठी पाहा: ६० किलोचा माणूस एका अनवाणी पायावर उभा राहिला, तर पायाच्या सुमारे १५० चौरस सेंटिमीटरवर दाब पडतो ०.४ किलो. पाय अजूनही टायरपेक्षा हलका पडतो.

एप्रिलमध्ये ही सायकल घेऊन आम्ही जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकड्यांकडे गेलो. मुरमाड उतारावर जुनी सायकल घसरते. ही खडे गिळत गेली. परतताना काळ्या रानातल्या भेगा लागल्या. अरुंद चाक ज्या भेगेत पडून अडकते, तिच्यावरून हे चाक पलीकडे गेले. दोषही दिसले. हवेला उसळी असते, पण उसळी जिरवण्याची सोय तिच्यात फारशी नसते. नांगरटीवर सायकल चेंडूसारखी नाचली. आणि वेड्या बाभळीच्या काट्याने टायर जुना की नवा, हे पाहिले नाही.

चिखलाची परीक्षा

खरी परीक्षा जुलैत झाली. गोदाकाठच्या एका पाणंदीवर आम्ही शंभर पावले गेलो आणि थांबलो. चाक रुतले नव्हते. ते चिखलाने बांधले गेले होते. रुंद टायरने चिखलही अधिक गोळा केला होता. टायर आणि चिमटा यांच्यात आम्ही दोन्ही बाजूंना जेमतेम चार मिलिमीटर जागा ठेवली होती, ती भरून गेली. चाकांवरचा चिखल खरवडून तोलला. सहा किलो भरला.

असे का होते? आपल्या भागातली काळी जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकापासून, बेसॉल्टपासून बनली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाची चिकणमाती भरपूर असते. या खनिजाचे कण म्हणजे एक नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांच्या चवडी. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की ती आकसते आणि भेगा पडतात. पापुद्रे इतके पातळ असल्याने चिमूटभर मातीतही प्रचंड पृष्ठभाग असतो आणि पाण्याच्या पातळ थरामुळे तो लोखंड, रबर, चप्पल सगळ्यांना धरून ठेवतो. वाळूचे कण असे करत नाहीत. म्हणून उंटाच्या पायाचे उदाहरण वाळवंटात बरोबर आणि आमच्या पाणंदीवर अपुरे. तेथे प्रश्न दाबाचा होता. येथे चिकटण्याचाही आहे.

आम्ही चिमटे पुन्हा कापले आणि दोन्ही बाजूंना बारा मिलिमीटर जागा केली. मडगार्ड काढून टाकले. सायकल आता शंभराऐवजी पाचशे पावले गेली. सुधारणा झाली, पण शाळा दोन-तीन किलोमीटरवर असते.

शेजारच्या शेतकऱ्यांनी हे पाहून फक्त एवढे म्हटले, "वाफसा येऊ द्या ना." शेतात पाणी फार झाले की औत चालत नाही, मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा यांचा मेळ बसला की वाफसा येतो आणि मगच औत घालतात. मूठभर माती दाबून लाडू करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. तो फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन बसला तर नाही. तीन दिवस उघडीप मिळाल्यावर आम्ही त्याच पाणंदीवर गेलो. लाडू फुटला आणि सायकलही चालली.

म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे: रुंद टायर खडीत, भेगांत, धुळीत आणि वाफशावर नक्की मदत करतो. भर पावसात, काळ्या चिखलात, तो रस्त्याची जागा घेऊ शकत नाही. तेथे मुरूम, खडी आणि पाण्याला वाट लागते. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि अनेक गावे पक्क्या रस्त्याला जोडली गेली. पण वस्तीपासून त्या रस्त्यापर्यंतची पाणंद पुष्कळ ठिकाणी अजून मातीचीच आहे. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, ही मोठीच गोष्ट झाली. पाऊस पडला की त्यांतल्या कितीतरी घरी भिंतीला टेकून राहतात.

शिक्षकांना आमची एक विनंती आहे. जून ते सप्टेंबर या काळात मुलांना रोज आपल्या वाटेवरच्या मातीचा लाडू करून सोडायला सांगा. लाडू फुटला की नाही, सायकल चालली की नाही आणि वर्गात कोण येऊ शकले नाही, या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. चार महिन्यांनी दाब, माती आणि आलेख हे तीन पाठ तर होतीलच. शिवाय आपल्या गावची पाणंद वर्षातून किती दिवस बंद असते, याचा नेमका आकडा हाती येईल. तो मुलांनीच ग्रामसभेत वाचून दाखवावा.